धूमकेतूची कक्षा हाताने काढतोय, उत्केंद्रता ४१ येतेय! कुठे घाण झाली?

मोजणीदार_वाई
शनिवार, रात्री ११.५२

नमस्कार मंडळी. इथे पहिल्यांदाच लिहितोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी मोजणी खात्यातला निवृत्त भूकरमापक. ३५ वर्षं बांधाबांधाने साखळी ओढली आणि दोन्ही बाजूंच्या भावकीच्या शिव्या खाल्ल्या. आता रिकामा आहे. मध्यंतरी नातवाने मोबाइलवर एक बातमी दाखवली. शंभर किलोमीटरच्या वर व्यास असलेला एक धूमकेतू येतोय, जानेवारी २०३१ मध्ये सूर्याच्या सगळ्यात जवळ असेल, आणि तेव्हासुद्धा शनीच्या अलीकडे येणार नाही. नाव सी/२०१४ यूएन२७१, बर्नार्डिनेली आणि बर्नस्टाइन यांनी शोधलेला. नातू व्यास बघून खूश झाला. मला झोप लागेना ती वेगळ्याच कारणाने. ह्या लोकांनी हे मोजलं कसं? ती वस्तू पळतेय, आपण उभे आहोत ती जमीनही पळतेय, साखळी टाकायची सोय नाही, हातात फक्त कोन. आमच्याकडे असं प्रकरण आलं असतं तर साहेबांनी ‘मोजणी अशक्य’ शेरा मारून फाइल परत पाठवली असती.

तर म्हटलं आपणच काढून बघू. मायनर प्लॅनेट सेंटर (जगभरची लघुग्रह-धूमकेतूंची निरीक्षणं गोळा करणारी संस्था) च्या साइटवर कोणी, कुठून, किती वाजता काय मोजलं ते सगळं उघडं ठेवलेलं आहे, कुणीही घ्यावं. (टिपणाची नक्कल काढायला लोकांना किती हेलपाटे पडायचे ते आठवून जरा ओशाळलोच.) त्यातली २०२१ मधली लागोपाठच्या तीन रात्रींची निरीक्षणं घेतली. जुन्या पुस्तकातून गाऊसची पद्धत घेतली, तीन निरीक्षणांवरून कक्षा काढायची. सगळं एक्सेलमध्ये बसवलं. आठव्या घाताचं समीकरण येतं, तेही सोडवलं. दोन आठवडे गेले, घरच्यांनी बोलणं सोडलं.

उत्तर आलं: अंतर १४ खगोलीय एकक (एक एकक म्हणजे पृथ्वी ते सूर्य अंतर), उत्केंद्रता ४१. (उत्केंद्रता म्हणजे कक्षा किती लांबट ते; १ च्या खाली असेल तर वस्तू सूर्याला बांधलेली, वर असेल तर सुटलेली.) खरं अंतर तेव्हा २० च्या आसपास होतं आणि उत्केंद्रता १ च्या किंचित खाली हवी. दुसऱ्या तीन रात्री घेतल्या तर अंतर ऋण आलं. म्हणजे धूमकेतू माझ्या पाठीमागे!

आकडेमोड चार वेळा तपासली. पृथ्वीच्या जागेसाठी नासाच्या जेपीएलची ग्रहांच्या मोघम जागांची सूत्रं वापरली. कोनांच्या नोंदी एक विकलेच्या (अंशाचा ३६०० वा भाग) खाली बारीक आहेत, मी आयुष्यात एवढा बारीक कोन वाचलेला नाही. मग उत्तर इतकं वेडंवाकडं का? शीट मागितली तर पाठवतो.


मृग_बारावी
शनिवार, रात्री ११.५९

काका, उत्केंद्रता १ पेक्षा जास्त म्हणजे सूर्यमालेबाहेरून आलेला ना? बाहेरून आलेल्या बोरिसोव्ह धूमकेतूची ३.४ होती, ३आय/ॲटलसची ६.१. तुमचा ४१ म्हणजे रेकॉर्डच!


शर्मिष्ठा_पुणे
रविवार, सकाळी ७.२०

मृग, हसू नकोस, तू पण पहिल्यांदा काढशील तेव्हा असंच काहीतरी येईल. माझं आलं होतं.

काका, तुमची आकडेमोड बरोबर असणार. पाया आखूड पडलाय. तुमच्याच भाषेत सांगते.

समजा पृथ्वी सरळ रेषेत एकाच वेगाने चालली असती आणि धूमकेतूही तसाच. मग नुसत्या कोनांवरून अंतर कधीच कळलं नसतं, शंभर वर्षं मोजत बसलात तरी. जवळची सावकाश चालणारी वस्तू आणि लांबची वेगात चालणारी वस्तू आकाशात तंतोतंत सारखी दिसली असती. अंतर कळतं ते केवळ पृथ्वी वळते म्हणून. तेव्हा विचारायचं ते एवढंच: तुमच्या तीन रात्रींत पृथ्वी सरळ रेषेपासून किती वळली?

पृथ्वी सूर्याकडे सेकंदाला सेकंद ५.९३ मिलिमीटर अशा त्वरणाने पडते. मधली रात्र शून्य धरा, अलीकडे एक दिवस, पलीकडे एक दिवस. एका दिवसात सरळ रेषेपासूनचं अंतर होतं साधारण २२,००० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीचे पावणेदोन व्यास. ऐकायला पुष्कळ वाटतं. आता हेच २० एककांवरून, म्हणजे ३०० कोटी किलोमीटरवरून बघा. दीड विकला! रुपयाचं नाणं तीन-साडेतीन किलोमीटरवर धरल्यासारखं. धूमकेतूच्या वाटेत दिसणारा तुमचा सगळा बाक हा एवढाच, तोही जास्तीत जास्त. आणि प्रत्येक नोंदीतली चूक अर्ध्या विकलेच्या आसपास. दीडात अर्धा-पाऊण इकडेतिकडे झाला की १४ पण येतं, ३५ पण येतं, आणि बाक उलट्या बाजूला गेला तर ऋण येतं. तुमचा धूमकेतू पाठीमागे गेला तो असा.

आता दोन गोष्टी, ज्या जवळच्या लघुग्रहाला चालून जातात पण इथे नडतात.

पहिली, दुर्बीण पृथ्वीच्या मध्यावर नसते. पृथ्वीची त्रिज्या सूर्याच्या अंतरावरून ८.८ विकला दिसते, २० एककांवरून ०.४४. तुम्ही पृथ्वीचा मध्य धरला असेल तर ही चूक तुमच्या बाकाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा आहे. प्रत्येक वेधशाळेचे आकडे मायनर प्लॅनेट सेंटरच्या यादीतच असतात.

दुसरी जरा गमतीची. जेपीएलच्या त्या मोघम सूत्रांच्या तक्त्यात पृथ्वीच्या ओळीत पृथ्वी नसते. पृथ्वी आणि चंद्र यांचा सामाईक गुरुत्वमध्य असतो. चंद्र आपल्याला महिन्याभरात ४,६७० किलोमीटर इकडून तिकडे डोलवतो. २० एककांवर त्याचे होतात ०.३२ विकला. मी यात तीन रविवार घालवले होते.

दिवस वाढवा. बाक वर्गाने वाढतो. मधल्या रात्रीपासून पाच-पाच दिवस घेतलेत तर दीडाचे ३८ विकला होतील, मग अर्ध्या विकलेच्या चुकीने फारसं बिघडत नाही. अंतर १९-२० च्या घरात येईल. पण उत्केंद्रता तरीही येणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. आडव्या दिशेचा वेग कोनांतून दिसतो. आपल्या रोखाने येणारा वेग दिसत नाही, तो फक्त बाकाच्या बारीक फरकातून डोकावतो. हा धूमकेतू तेव्हा सेकंदाला सहा-साडेसहा किलोमीटर वेगाने सूर्याकडे सरकत होता. दहा दिवसांच्या निरीक्षणांत त्याची छाप पडते अर्ध्या विकलेच्या आतबाहेर, म्हणजे चुकीएवढीच. अंतर सगळ्यात आधी हाती लागतं, समोरून येण्याचा वेग सगळ्यात शेवटी, आणि उत्केंद्रता त्या वेगावरच टांगलेली असते.

प्रकाशाला तिथून इथे यायला लागणारी २ तास ४६ मिनिटं वजा केलीत ना?


खडूस_मास्तर
रविवार, सकाळी ९.०५

वर सगळं ठीक आहे, पण गाऊसचं नाव निघालंय तर जरा इतिहासही नीट होऊ द्या. गाऊसने ही पद्धत सेरेस ह्या लघुग्रहासाठी बसवली. पियाझ्झीने १ जानेवारी १८०१ पासून ११ फेब्रुवारीपर्यंत सेरेस पाहिला, मग तो सूर्याच्या उजेडात गेला. २४ वर्षांच्या गाऊसने तेवढ्यावरून कक्षा काढली आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी झाखला तो सांगितलेल्या जागेजवळ सापडला. पण तिथे मुदत ४१ दिवसांची होती आणि वस्तू सूर्यापासून पावणेतीन एककांच्या आसपास. बाक विकलांत नव्हे, कलांमध्ये (एक कला म्हणजे ६० विकला) मोजावा लागेल असा ढळढळीत. काकांनी तेच हत्यार तीन रात्री आणि २० एककांवर चालवलं. कोयत्याने दाढी करायला गेल्यासारखं आहे.

धूमकेतूंसाठी वेगळी युक्ती आहे आणि ती गाऊसच्या आधीची आहे. ब्रेमेनचा डॉक्टर ओल्बर्स, १७९७. दिवसा रोगी बघायचा, रात्री आकाश. त्याने उत्केंद्रता काढायचीच नाही असं ठरवलं. ती १ धरायची, कक्षा अन्वस्त (पॅराबोला), बस्स. सहा अज्ञातांपैकी एक कमी झाला. लांबून येणाऱ्या धूमकेतूची उत्केंद्रता १ च्या इतकी जवळ असते की सुरुवातीला ह्याने काही बिघडत नाही. आजही नव्या धूमकेतूची पहिली कक्षा बघा, पुष्कळदा उत्केंद्रतेच्या जागी नुसता १ लिहिलेला असतो. तो मोजलेला नसतो, गृहीत असतो. विद्यार्थी तो मोजलेला समजतात आणि वाद घालतात.

आणि मृग, उत्केंद्रता १ च्या वर असलेल्या कक्षेला, हायपरबोलाला, मराठीत अपास्त म्हणतात. काका वाईचे आहेत, विश्वकोशाच्या गावचे. त्यांच्यासमोर तरी नीट शब्द वापर.


मृग_बारावी
रविवार, सकाळी ९.१०

मास्तर, मी हायपरबोला हा शब्द लिहिलाच नाहीये.


मोजणीदार_वाई
मंगळवार, रात्री १०.३१

शर्मिष्ठाताई, तुमचं ते पाया आखूड पडल्याचं वाक्य वाचलं आणि मी खुर्चीत तसाच बसून राहिलो. हे मला कळायला हवं होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी ह्याच चुकीवर बोलणी खाल्ली आहेत.

ऐका. पावसाळ्याचे दिवस, कृष्णा दुथडी भरलेली, नाव बंद. हद्दीची खूण म्हणजे पल्याडच्या काठावरचा एक उंबर. त्याचं अंतर काढायचं होतं. मी अलीकडच्या काठाला दोन साखळ्यांचा पाया धरला. आमची साखळी ३३ फुटांची, सोळा आण्यांची, म्हणजे पाया ६६ फूट. दोन्ही टोकांना प्लेन टेबल लावलं, उंबराला रेषा मारल्या. कागदावर त्या दोन रेषा इतक्या जवळून एकमेकींवर चढल्या की त्या नेमक्या कुठे छेदतात ते पेन्सिलीच्या टोकावर अवलंबून. टोक जरा जाड असेल तर उंबर पाण्यात, बारीक असेल तर उंबर पलीकडच्याच्या उसात. मी मधोमध एक टिंब दिलं आणि मोकळा झालो. दिवाळीनंतर पाणी उतरल्यावर प्रत्यक्ष साखळी टाकली तर ३८ फुटांचा फरक. ज्याचं शेत होतं तो म्हातारा म्हणाला, “साहेब, उंबर हाय तिथंच हाय, तुमीच हलला.”

तर कालपासून सगळं परत मांडलं. चंद्राचा रकाना घातला. दुर्बिणीची जागा घातली. प्रकाशाचा वेळ आधीच वजा होता. दहा दिवसांच्या अंतरातली तीन निरीक्षणं घेतली. अंतर आलं १९.६, उत्केंद्रता २.३. ४१ वरून २.३, म्हणजे प्रगती आहे. मग मास्तरांचं ऐकून उत्केंद्रता १ धरून सोडवलं तर उपसूर्य अंतर (सूर्यापासूनचं सगळ्यात कमी अंतर) १०.४ आणि तारीख २०३० च्या उन्हाळ्यातली आली. खरं अंतर १०.९५ आणि जानेवारी २०३१. दहा दिवसांच्या कोनांवरून साडेनऊ वर्षांपुढची तारीख सात-आठ महिन्यांच्या आत! मला तर जेवण गोड लागलं.

आता दोन शंका. एक, उत्केंद्रता मोजलीच नाही, गृहीत धरली, तर ह्या धूमकेतूच्या फेरीचा लाखो वर्षांचा कालावधी सांगतात तो आला कुठून? दोन, ऑक्टोबर २०२४ मध्ये संध्याकाळी पश्चिमेला दिसलेला तो त्सुचिनशान-ॲटलस आम्ही गच्चीवरून पाहिला होता. पेपरात सगळीकडे ‘८० हजार वर्षांनी परत येणार’. जेपीएलच्या तक्त्यात बघतो तर त्याची उत्केंद्रता १ च्या किंचित वर. म्हणजे कधीच येणार नाही. खरं कोण?


शर्मिष्ठा_पुणे
बुधवार, रात्री ११.४५

काका, उंबराची गोष्ट मी माझ्या ऑफिसात सांगितली. आता तिथे कुणाचं मॉडेल चुकलं की “उंबर हाय तिथंच हाय” म्हणतात.

आधी पेपरवाल्यांचं. त्सुचिनशान-ॲटलस सूर्यापासून ०.३९ एककांवरून गेला. उपसूर्य अंतर भागिले एक वजा उत्केंद्रता, हा झाला अर्धा मोठा अक्ष, आणि त्याचा दीडावा घात म्हणजे वर्षं. करून बघा. उत्केंद्रता ०.९९९८ घेतलीत तर ८६ हजार वर्षं येतात. ०.९९९९ घेतलीत तर जवळजवळ अडीच लाख. १.०००० घेतलीत तर कधीच नाही. चौथ्या दशांश स्थळावर एक-एक पाऊल पडतंय आणि उत्तर ८६ हजारांवरून अनंतावर जातंय. तरी पेपरात ८० हजार छापताना ‘सुमारे’ सुद्धा लावत नाहीत. शिवाय तो सूर्याच्या इतका जवळून गेला की वाफेच्या फवाऱ्यांनी त्याला स्वतःलाच धक्के बसतात, ते वेगळं.

तुमचा यूएन२७१ त्या मानाने सभ्य आहे. लांबूनच जातो, फवारे बेताचे. पण त्यातही एक मेख आहे.

२० एककांवर असताना सूर्याच्या तावडीतून कायमचं सुटायला सेकंदाला साधारण ९.४२ किलोमीटर वेग लागतो. यूएन२७१ चा अर्धा मोठा अक्ष २०,२०० एककांच्या आसपास आहे, म्हणजे तो सूर्याला बांधलेला आहे पण जेमतेम. किती जेमतेम, तर त्याचा वेग त्या सुटण्याच्या वेगापेक्षा सेकंदाला फक्त २.३ मीटर कमी आहे. साडेनऊ हजारांत सव्वादोन मीटर! सायकलवरून दूधवाला रमतगमत जातो तेवढा फरक. तो फरक मोजला की तुमचे लाखो वर्षांचे आकडे निघतात. म्हणून दहा दिवसांत, दोन महिन्यांत ते निघू शकत नाहीत.

आता मेख. वेग कोणाच्या मानाने मोजायचा? आपण सवयीने सूर्याच्या मानाने मोजतो. पण सूर्य स्वतः स्थिर कुठे आहे? एकटा गुरूच त्याला सेकंदाला १२.५ मीटर वेगाने फिरवतो, बारा वर्षांत एक फेरी. जो फरक मोजायचा तो २.३ मीटर, आणि ज्या खुंटीपासून मोजायचा ती खुंटीच १२.५ मीटरने हलतेय. त्यामुळे सूर्य मध्ये धरून काढलेली उत्केंद्रता गुरू कुठल्या बाजूला आहे त्यावर ०.९९७ पासून १.००२ पर्यंत हेलकावे खाते. वस्तू तीच, वाट तीच, फक्त मोजणाऱ्याची खूण हलती. १ च्या वर गेली की कुणीतरी बाहेरून आल्याची पोस्ट टाकतं. मृग, म्हणून १.००१ आणि ३.४ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बोरिसोव्हला सूर्यापासून अनंत अंतरावरही सेकंदाला ३२ किलोमीटर वेग उरतो, तो कुठल्याही खुंटीपासून मोजा, बाहेरचाच.

उपाय सोपा आहे. सगळ्या सूर्यमालेचा गुरुत्वमध्य ही खुंटी धरायची आणि धूमकेतू ग्रहांच्या बराच बाहेर असताना कक्षा बघायची, येतानाची वेगळी, जातानाची वेगळी. जेपीएलच्या होरायझन्स ह्या ऑनलाइन सेवेत केंद्र निवडायच्या जागी ॲट-चिन्ह आणि शून्य टाकलंत की गुरुत्वमध्य मिळतो. यूएन२७१ येताना ४०,४०० एककांवरून निघालाय, साधारण १४ लाख वर्षांपूर्वी. ग्रहांचे धक्के खाऊन परत जाईल तो ५५,००० एककांच्या आसपास. तेव्हा जाणाऱ्या फेरीचा कालावधी येणाऱ्यापेक्षा मोठा: एक जवळजवळ २९ लाख वर्षं, दुसरा ४५ लाखांच्या पुढे. एकाच धूमकेतूचे दोन कालावधी, दोन्ही बरोबर.

आणि हे त्यांना जमलं कसं? पाया मोठा होता. डार्क एनर्जी सर्व्हे हा दूरच्या दीर्घिका मोजायला चिलीतल्या सेरो टोलोलोवरून केलेला प्रकल्प, चार मीटरची ब्लँको दुर्बीण. धूमकेतूशी कुणाचं देणंघेणं नव्हतं. बर्नार्डिनेली तेव्हा पीएचडी करत होता, बर्नस्टाइन त्याचा मार्गदर्शक. त्या जुन्या फोटोंत वेगवेगळ्या रात्री एकेकटे पडलेले ठिपके त्यांनी कॉम्प्युटरवर जोडून बघितले. यूएन२७१ चा पहिला ठिपका २० ऑक्टोबर २०१४ चा, २९ एककांवरचा. शोध जाहीर झाला जून २०२१ मध्ये. म्हणजे जाहीर झाला तेव्हाच खिशात चार वर्षांची मोजणी तयार होती. आणि मग कुणीतरी चिलीतल्याच व्हिस्टा दुर्बिणीचे २०१० चे फोटो उकरले, तर तिथेही तो, ३४ एककांवर. कुणी न बघितलेला. माझ्या मते दूरच्या धूमकेतूची कक्षा निम्मी तरी अशा अडगळीतून ठरते. नवी दुर्बीण दहा रात्री लावून जे मिळत नाही ते दहा वर्षांपूर्वीचा एक धुरकट ठिपका देऊन जातो. फक्त तो कुठे शोधायचा हे कळायला आधी बरी कक्षा लागते!

काका, आता एक्सेल बाजूला ठेवा. फाइंड ऑर्ब नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, २०१४ पासूनची सगळी निरीक्षणं त्यात एकदम घाला. तीन निरीक्षणांची कसरत संपते, सगळ्यांमधून कमीत कमी चुकीची वाट निघते.


ध्रुव_नागपूर
गुरुवार, दुपारी १.१५

जरा अवांतर. कालावधीच्या आकड्यांवरून आठवलं. १९४९ मध्ये आपले खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पू हार्वर्डला शिकत असताना त्यांच्या फोटोप्लेटवर धूमकेतू सापडला, बाप्पू-बोक-न्यूकर्क. त्याचा कालावधी ६०,००० वर्षं काढला गेला. वरचं वाचून वाटतंय की त्या आकड्यालाही ‘सुमारे’ लावलेलं बरं.


खडूस_मास्तर
गुरुवार, दुपारी २.४०

लावाच. आणि काका, एक्सेल बाजूला ठेवू नका. सॉफ्टवेअरमध्ये बटण दाबून कक्षा काढणारे खूप आहेत. चंद्राचा रकाना स्वतः घालणारा एखादाच.


मोजणीदार_वाई
रविवार, रात्री १२.१०

दोघांचंही ऐकलं, म्हणून उशीर झाला.

फाइंड ऑर्बमध्ये सगळं घातलं. गुरुत्वमध्याची खुंटी धरून येतानाची कक्षा मागितली, तर अर्धा मोठा अक्ष २० हजारांच्या थोडा वर. उत्केंद्रता ०.९९९४ च्या पुढे काहीतरी. मग हौस म्हणून २०१४ चं एक, २०१६ चं एक आणि २०१८ चं एक निरीक्षण घेऊन एक्सेलमध्ये तपासायला बसलो. सॉफ्टवेअरने दिलेल्या वाटेवर ही तीन टिंबं पडतात का एवढंच बघायचं होतं. आणि दर वेळी अर्ध्या विकलेच्या आसपास फरक! एकदा इकडे, एकदा तिकडे. जिथे चूक दशांश विकलेच्याही खाली असायला हवी तिथे अर्धी विकला म्हणजे बांध फुटल्यासारखंच. तीन दिवस शोधलं.

सापडलं. यादीत सेरो टोलोलोचे रेखांश २८९.१९ दिलेत, शून्यापासून पूर्वेकडे मोजत गेलेले. मी मोठ्या शहाणपणाने ते ३६० मधून वजा केले, ७०.८१ लिहिले, आणि पश्चिम लिहायचं राहिलं. जन्मभर पूर्व रेखांशांवरच काम केलेला माणूस, हाताला सवयच नाही. गेले तीन दिवस मी जगातली उत्तमातली एक दुर्बीण हिंदी महासागरात, मादागास्करच्या बऱ्याच पलीकडे, पाण्यावर उभी केली होती. तिथून धूमकेतू बघत होतो.

चिन्ह बदललं. तिन्ही टिंबं बसली.

आता २०१० चं व्हिस्टाचं निरीक्षण राहिलंय. ते मुद्दाम आधी घातलं नव्हतं. २०१४ ते २०१८ च्या कक्षेवरून मागे जाऊन तो तेव्हा कुठे असायला हवा ते काढून ठेवलंय, कागदावर पेन्सिलीने, टोक बारीक करून. उद्या सकाळी ताडून बघतो.


मृग_बारावी
रविवार, रात्री १२.१८

काका, शीट मला पाठवाल का? बोरिसोव्हवर करून बघायचंय.


मोजणीदार_वाई
रविवार, रात्री १२.२५

पाठवतो. पिवळा रकाना चंद्राचा आहे, त्याला हात लावू नकोस. रेखांशाचा लाल केलाय. बोरिसोव्हची पहिली निरीक्षणं क्रिमियातली आहेत, तिथे पूर्वच लागेल, पण चिलीची घेतलीस तर दोनदा बघ.